निरुपयोगी माणसाचा रखवालदार कोण?

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्षूची हकीकत आली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती वर्षावासातील प्रवचनात ऐकली असेल. या भिक्षूला पोटाचा विकार जडला होता. त्याला उठवत नव्हते, बसवत नव्हते. स्वतःच्याच मलमूत्रात तो पडून होता. विहारात दुसरे भिक्षू नव्हते असे नाही. पण त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्षूंची निवासस्थाने पाहत फिरत असता त्याच्या खोलीशी आले. तुला काय होते आहे, तुझी सेवा कोण करतो, असे त्यांनी विचारले. सेवा करणारा कोणी नाही, असे उत्तर मिळाले. का नाही, असे विचारताच त्या भिक्षूने सांगितले की, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत.

या उत्तरात केवढा भयंकर हिशेब दडलेला आहे! जो उपयोगी त्याची सेवा, जो निरुपयोगी तो घाणीत. आणि हा हिशेब दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. तो त्या आजारी माणसालाच पटलेला आहे. आपल्याला कोणी विचारीत नाही यात काही गैर आहे, असे त्याला वाटतच नाही.

तथागतांनी त्यावर तीन गोष्टी केल्या. आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून धरून दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. ही पहिली गोष्ट. नंतर त्यांनी संघ बोलाविला आणि हे असे का घडले याची सर्वांसमक्ष चौकशी केली. ही दुसरी गोष्ट. तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, असे सांगून त्यांनी नियम घालून दिला. उपाध्याय असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, कोणीच नसेल तर संघाने आजाऱ्याची सेवा केलीच पाहिजे. न केल्यास तो दोष मानला जाईल. ही तिसरी गोष्ट.

आपण कथा सांगताना पहिल्या गोष्टीवर थांबतो. भगवंतांची करुणा पाहून आपला कंठ दाटून येतो. पण मला वाटते, या कथेचा खरा कणा तिसऱ्या गोष्टीत आहे. करुणा त्या दिवशी त्या एका भिक्षूला पुरली; पुढच्या आजाऱ्याला बुद्ध दाराशी येईपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून नियम करावा लागला. असहाय माणसाचे रक्षण दुसऱ्याच्या मनाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले. आज ते आपण विसरलो आहोत, आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

शुश्रूषागृहाच्या दारामागे

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरचे छोटे खाजगी रुग्णालय किंवा बाळंतपणाचे ठिकाण डोळ्यांसमोर येते. येथे मी म्हणतो ते वेगळे. ज्यांना स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, कूस बदलता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे, अशी वृद्ध, अपंग, मनोरुग्ण माणसे जेथे वर्षानुवर्षे राहतात आणि पगारी सेवक त्यांचे सर्व काही करतात, ती शुश्रूषागृहे. पाश्चात्त्य देशांत ती जागोजाग आहेत. आपल्या शहरांतही वृद्धाश्रम आणि अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या संस्था वाढत चालल्या आहेत.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, ॲडलेडमध्ये, ओकडेन या भागात सरकारने चालविलेली अशीच एक संस्था होती. स्मृतिभ्रंश झालेले आणि इतर मानसिक आजार असलेले वृद्ध तेथे ठेवीत. २०१६ साली एका कुटुंबाने तक्रार केली. त्यांच्या माणसाच्या अंगावर काळेनिळे डाग होते, आणि त्याला औषध ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट अधिक दिले गेले होते. त्या कुटुंबाने पिच्छा सोडला नाही. राज्याच्या मुख्य मनोचिकित्सकांनी चौकशी केली. एप्रिल २०१७ मध्ये अहवाल बाहेर आला आणि त्याच वर्षी ती संस्था बंद करण्यात आली. राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयुक्तांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्याच्या नावातच ओकडेन हे राज्याच्या इतिहासातील लाजिरवाणे प्रकरण असल्याचे नमूद आहे.

आता यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ऐका. या संस्थेत काही बिनसले आहे हे कोणाला माहीतच नव्हते काय? २००७ साली तिच्यावर ठपका ठेवून निर्बंध घातले गेले होते. त्यानंतर मात्र तपासणीत ती उत्तीर्ण होत राहिली. तपासनीस येत होते, कागद पाहत होते, रकाने भरीत होते. मान्यता नूतनीकरणाच्या तपासणीची तारीख संस्थेला अगोदर कळविली जात असे. वर्दी देऊन येणाऱ्या पाहुण्यासाठी घर कोण आवरून ठेवीत नाही? ओकडेनच्या बोभाट्यानंतर, १ जुलै २०१८ पासून, ही तपासणी आगाऊ सूचना न देता करण्याचे त्या देशाने ठरविले. तथागत भिक्षूंच्या खोल्या स्वतः फिरून पाहत होते. विहाराचे सर्व क्षेम आहे असा निरोप येईल म्हणून ते बसून राहिले नव्हते, याची येथे आठवण होते.

ओकडेन ही एकच कुजलेली फांदी होती असे म्हणता आले असते. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या देशाने वृद्धसेवेची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. त्याच्याकडे दहा हजारांहून अधिक निवेदने आली, सहाशेहून अधिक साक्षी झाल्या. ऑक्टोबर २०१९ च्या अंतरिम अहवालाला आयोगाने ‘हेळसांड’ या एकाच शब्दाचे नाव दिले. मार्च २०२१ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात १४८ शिफारशी होत्या. आयोगासाठी केलेल्या एका पाहणीचा अंदाज असा की, अशा गृहांत राहणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के माणसांनी हेळसांड, मानसिक छळ अथवा मारहाण यांपैकी काही ना काही सोसले होते. यात सर्वांत मोठा वाटा हेळसांडीचा, त्यानंतर मानसिक छळाचा, आणि सर्वांत लहान मारहाणीचा होता.

हे प्रमाण नीट ध्यानात घेतले पाहिजे. छळ म्हटले की आपण उगारलेला हात पाहतो. पण अंथरुणावरच्या माणसाचा छळ बहुधा हात न उगारताच होतो. घंटीचे बटण हाताला लागणार नाही असे ठेवायचे. पाणी टेबलावर ठेवून निघून जायचे, ज्याला हात उचलता येत नाही त्याच्यासमोर. वारंवार कपडे बदलावे लागू नयेत म्हणून प्यायला कमी द्यायचे. भिजलेला लंगोट पाळी बदलेपर्यंत तसाच राहू द्यायचा. चमचा तोंडात कोंबायचा, कारण अजून दहाजणांना भरवायचे आहे. दर दोन तासांनी कूस बदलावयाची असते, ती बदलायची नाही आणि वहीत मात्र बदलल्याची खूण करायची. मग पाठीला बेडसोर होतात, ते हाडापर्यंत जातात. रात्री ओरडणाऱ्याला झोपेचे औषध देऊन गप्प करायचे. सत्तरी-ऐंशीच्या बाईला ‘ए म्हातारे’ म्हणायचे. तिचे कपडे बदलताना पडदा ओढायचा नाही. यातल्या कोणत्याही एका गोष्टीसाठी पोलीस येत नाहीत. पण या सगळ्यांनी मिळून माणूस मरतो, आणि मरण्यापूर्वी माणूसपणातून उठतो.

दोष कोणाचा?

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. असे वागणारा सेवक दुष्ट आहे, की परिस्थितीने त्याला तसे केले?

जागतिक आरोग्य संघटनेने जी आकडेवारी मान्य केली आहे तिच्यानुसार, अशा संस्थांत काम करणाऱ्या तीनपैकी दोन सेवकांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून छळाचे काही ना काही वर्तन घडल्याचे स्वतःच कबूल केले आहे. तीनपैकी दोन! एवढी माणसे जन्मतः क्रूर असतात, असे कोण म्हणेल? त्यांच्यातल्या पुष्कळजणी घरी मुलांची माया करणाऱ्या आया असतील, आपल्या म्हाताऱ्या सासूचे करणाऱ्या सुना असतील. म्हणून काहीजण म्हणतात, त्यांना दोष देऊ नका. एका परिचारिकेच्या गळ्यात तीस माणसे बांधली तर दुसरे काय होणार?

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, हे सगळे बहाणे आहेत. त्याच पगारावर, त्याच पाळीत, शेजारची दुसरी बाई प्रेमाने करतेच ना? मग जिने मारले तिला घालवा, तुरुंगात टाका, प्रश्न संपला.

धम्माची दृष्टी या दोन्ही टोकांना मान्यता देत नाही. कर्म म्हणजे चेतना, हेतू, असे बुद्धाने शिकविले. ज्याने हात उगारला त्याची चेतना त्याची आहे. ती तो व्यवस्थापकाच्या माथी मारू शकत नाही. पण त्याच बुद्धाने प्रतीत्यसमुत्पादही शिकविला. काहीही कारणावाचून उपजत नाही. जे कारणातून उपजते ते कारण नाहीसे केल्याने थांबते. सेवकाला शिक्षा करून कारणे तशीच ठेवली, तर त्या जागी उद्या दुसरा सेवक तेच करील. कारणांकडे बोट दाखवून सेवकाला मोकळे सोडले, तर शील या शब्दाला अर्थच उरणार नाही.

इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्याला हे समजावयास वेळ लागला. २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खाजगी रुग्णालयातील मतिमंद व स्वमग्न माणसांचा छळ दूरचित्रवाणीच्या एका वार्ताहराने सेवक म्हणून शिरून छुप्या कॅमेऱ्यात टिपला. तेथे एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड आकारले जात होते; म्हणजे पैसा नव्हता म्हणून छळ झाला असे मुळीच नाही. तेथील एका अनुभवी परिचारकाने वरिष्ठांना आणि सरकारी तपासणी यंत्रणेलाही कळविले होते. कोणी लक्ष दिले नाही. शेवटी ११ सेवक दोषी ठरले आणि २०१२ साली त्यांतले सहा तुरुंगात गेले. ज्यांनी आठवड्याचे शुल्क मोजून घेतले ते मालक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आले नाहीत. अशा निरनिराळ्या प्रकरणांच्या चौकश्यांनंतर २०१५ साली तेथे कायदा झाला. त्याने दोन वेगळे गुन्हे ठरविले. एक, सेवकाने जाणूनबुजून केलेला छळ वा हेळसांड. आणि दुसरा, सेवा पुरविणाऱ्या संस्थेने आपला कारभार असा चालविणे की त्यातून छळ घडावा. चेतनाही पाहिली गेली आणि कारणही.

शिडीची सर्वांत खालची पायरी

कारणांचा शोध घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलेली एक गोष्ट फार उपयोगी पडते. विषमता नुसती वर आणि खाली अशी दोन थरांची नसते. ती पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला तिरस्कार करावयास आणखी एक खालची पायरी मिळते. हे त्यांनी जातिव्यवस्थेबद्दल सांगितले. पण कोणत्याही मोठ्या रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात जाऊन पाहा, तीच शिडी उभी दिसेल. डॉक्टर मेट्रनला बोलतो, मेट्रन परिचारिकेला, परिचारिका आयाबाईला आणि वॉर्डबॉयला. आयाबाई कोणाला बोलणार? तिच्याखाली एकच माणूस शिल्लक आहे, खाटेवरचा. त्याला उलट बोलता येत नाही. दिवसभर वरून घरंगळत आलेला सगळा अपमान शेवटी त्याच्या अंगावर येऊन पडतो.

आयाबाई कोण असते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावयास नको. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी भगिनी हेच काम करून मुलांना शिकवितात. माणसाची विष्ठा उचलणारे हात आपल्या समाजाने शतकानुशतके अपवित्र ठरविले. जे काम करणाऱ्याला माणूस मानले नाही, ते काम त्याने माणुसकीने करावे अशी अपेक्षा मात्र आपण ठेवतो! विनयात या बाबतीत काय आहे ते पाहण्यासारखे आहे. चांगल्या रुग्णसेवकाची पाच लक्षणे तेथे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय, अपथ्य काय हे त्याला कळावे. लोभाने नव्हे तर मैत्रीचित्ताने त्याने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी चार चांगल्या गोष्टी सांगून त्याने आजाऱ्याचे मन प्रसन्न करावे. म्हणजे ज्या कामाला जग घाण म्हणते ते काम येथे सद्गुणांच्या यादीत, औषधाच्या ज्ञानाच्या शेजारी बसविले आहे. ते कोणा खालच्या माणसावर ढकललेले नाही.

एवढेच नव्हे. आजारी भिक्षू मरण पावला तर त्याचे चीवर व पात्र यांचा मालक संघ. पण ज्यांनी त्याची सेवा केली त्यांचे उपकार मोठे, म्हणून ते संघाने त्यांना द्यावे, असाही नियम आहे. लोभाने सेवा करू नये असे सांगणाऱ्यांनीच सेवकाला रिकाम्या हाताने पाठवू नये असे सांगितले, हे लक्षात ठेवावे. ‘सेवा हा धर्म आहे, पैशाचे काय बोलता’ असे म्हणून तुटपुंजा पगार देणाऱ्या संस्थाचालकांना यात उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातील आयोगानेही हाच धडा घेतला. प्रत्येक रहिवाशाला दररोज किमान २०० मिनिटांची सेवा मिळावी आणि त्यांतली ४० मिनिटे प्रशिक्षित परिचारिकेची असावीत, अशी शिफारस त्याने केली. ऑक्टोबर २०२३ पासून ती बंधनकारक झाली आणि वर्षभराने २१५ मिनिटांवर गेली. ३० जून २०२३ पासून वृद्धसेवेतील प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन १५ टक्क्यांनी वाढविण्यात आले. करुणेला मिनिटांत मोजता येत नाही हे खरे. पण ज्या सेवकाजवळ मिनिटेच नाहीत त्याच्याजवळ करुणा असून तिचा खाटेवरच्या माणसाला काय उपयोग?

विनय आणखी एक सत्य लपवीत नाही. काही आजारी माणसे सेवा करावयास कठीण असतात. पथ्य पाळीत नाहीत, औषध घेत नाहीत, आपले दुखणे खरे सांगत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेला माणूस तर भरविणाऱ्या हाताला चावतो, शिव्या देतो, अंगावर थुंकतो. जी बाई आठ तास हे सोसते तिचा संताप खोटा नाही. तो येणारच. म्हणून तिला एकटी ठेवू नये, तिला शिकवावे, तिचा संयम सुटत चालला आहे असे दिसताच तिला तेथून हलवून दुसरीला उभे करावे. पण कठीण आजाऱ्याची लक्षणे सांगितल्यावर ‘म्हणून अशाची सेवा करू नये’ असे विनयाने कोठेही म्हटलेले नाही.

‘त्याचे भोग’

असहायावर होणाऱ्या अन्यायाला आपल्या देशात एक खास कवच मिळाले आहे. ‘मागच्या जन्मी काही केले असेल, आता भोगतो आहे.’ हे वाक्य आपण दवाखान्यात, वृद्धाश्रमात, घरातल्या ओसरीवर किती वेळा ऐकले असेल! वरवर पाहता ते सहानुभूतीचे वाटते. पण त्याचा अर्थ असा की, या माणसाचे दुःख हे न्याय्यच आहे. आणि जे न्याय्य आहे त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा ही कल्पना का नाकारली, याचे मोल अशा वेळी कळते. हा सिद्धान्त दारिद्र्याची आणि दुःखाची जबाबदारी समाजाच्या खांद्यावरून काढून दुःखिताच्याच खांद्यावर ठेवतो. बेडसोर मागच्या जन्मामुळे होत नाहीत. कूस न बदलल्यामुळे होतात.

आणि कूस बदलण्याचा नियम केला की माणसे बदलतात, याला पुरावा आहे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत एके काळी वृद्धांना खुर्चीला, खाटेला पट्ट्यांनी बांधून ठेवण्याची सर्रास चाल होती. तीनांत एकाहून अधिक माणसे बांधलेली असत. ‘पडू नयेत म्हणून त्यांच्या भल्यासाठीच बांधतो’ असे सांगितले जाई. १९८७ साली कायदा झाला. सेवकाच्या सोयीसाठी वा शिक्षा म्हणून कोणालाही पट्ट्याने किंवा औषधाने जखडून ठेवता येणार नाही, हा रहिवाशाचा हक्क ठरला. आयांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. पुढील काही दशकांत बांधलेल्यांचे प्रमाण अवघ्या काही टक्क्यांवर आले. त्या देशातील माणसे एकाएकी साधू झाली नव्हती. नियम बदलला, त्यावर लक्ष ठेवणारे डोळे आले, म्हणून हात बदलले.

दार उघडे हवे

हे डोळे कोणाचे असावेत? सरकारी तपासनिसाचे डोळे पुरत नाहीत, हे ओकडेनने दाखविले. अमेरिकेत १९७२ साली प्रयोग म्हणून सुरू झालेली आणि १९७८ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात आवश्यक झालेली एक पद्धत आहे. संस्थेचा नोकर नसलेला एक लोकपाल आणि त्याचे स्वयंसेवक शुश्रूषागृहात जाऊन रहिवाशांशी एकान्तात बोलतात व त्यांची तक्रार पुढे नेतात. पण सर्वांत जागे डोळे येणाऱ्या-जाणाऱ्या आप्तांचे. २०२० च्या साथीत ते बंद झाले तेव्हा काय घडले ते पाहा. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात भेटीवर बंदी आली, सेवक आजारी पडले, आणि शेवटी पाच गृहांत सैन्य मदतीला पाठवावे लागले. सैनिकांनी मे महिन्यात जो अहवाल दिला त्यात झुरळे, घाणीत पडलेली माणसे, हाका मारमारून दमलेले वृद्ध यांची नोंद होती. त्यांपैकी सर्वच साथीने आणले नव्हते. दार लागल्यावर ते वाढले, आणि परके लोक आत गेल्यावरच ते दिसले.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक खोलीत कॅमेरा लावा. काही ठिकाणी लावतातही. पण ज्याचे अंग पुसले जात आहे त्याच्या नग्नतेवर चोवीस तास यंत्राची नजर ठेवणे हाही एक अपमानच नव्हे काय? जेथे दुसरा उपाय नाही तेथे, त्या माणसाच्या किंवा त्याच्या आप्तांच्या संमतीने, तो लावावा. परंतु यंत्र साक्ष देते, मैत्री देत नाही.

आणखी कोणी म्हणेल, ही सगळी परदेशातली रड. आमच्याकडे मुले आईबापांना घरी सांभाळतात. असे म्हणणाऱ्यांनी एरवाडी आठवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली. तेथील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. पण मनाई कागदावर असते आणि साखळी पायात. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. पण ज्याच्या हाताला फोन लागत नाही त्याचा फोन कोणी करायचा? आणि घराचेही दार असतेच. माजघरातल्या अंधारात पडलेल्या आजीला विचारणारा तपासनीस कोणत्याही कायद्याने नेमलेला नाही.

बेचाळीस वर्षे

सर्व अंधारच आहे असे मात्र मानू नये. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष अत्याचार केला. तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. बोलणे नाही, सांगणे नाही. तिच्याहून असहाय माणूस कोणता असणार? त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी तिला सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. तिला तेथून हलविण्याचा विचार झाला तेव्हा त्यांनी विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा मुद्दाम गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणावर असून तिला बेडसोर झाला नाही, याची नोंद झाली.

एकाच इमारतीत सेवकाच्या हातून असे क्रौर्य घडले आणि सेविकांच्या हातून अशी करुणाही. फरक कशात होता? क्रौर्य एकान्तात घडले. करुणा मात्र एकीची नव्हती. ती एका संघाची होती. एक दमली तर दुसरी होती. एक चुकली तर पाहणारी होती. आणि ती आपल्यातली एक आहे, हे प्रत्येक नवीन मुलीला जुनी सांगत होती. उपयोगाचा हिशेब तेथे कोणी मांडला नाही.

आता आपल्यापुरते बोलू. आपले कोणी अशा संस्थेत असेल तर ठरलेल्या वारीच जाऊ नका. मध्येच, जेवणाच्या वेळेला, संध्याकाळी उशिरा जा. चादर बाजूला करून पाठ आणि टाचा पाहा. दंडांवर बोटांचे डाग आहेत काय, वजन उतरले आहे काय, एखादा सेवक खोलीत आला की आपला माणूस अंग चोरतो काय, हे पाहा. शेजारच्या खाटेवरच्या, ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याच्याशीही दोन शब्द बोला; त्याच्याकडे कोणाची तरी नजर आहे हे सेवकाला कळू द्या. आणि आयाबाईला नावाने हाक मारा, तिला बसायला सांगा, तिचे काही दुखते काय विचारा. तिच्यावर नजर ठेवणे आणि तिला मान देणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. आपल्या वस्तीतल्या ज्या भगिनी हे काम करतात त्यांनी आपल्या संघटनेत पगाराबरोबर हाही विषय घ्यावा. सहकारिणीने हात उगारला तर गप्प बसणे ही एकजूट नव्हे. आणि जी बोलते तिची नोकरी राखणे, हे संघटनेचे पहिले काम होय.

गावोगावी आपली मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत. पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. महिन्यातून एक दिवस चारजणांनी जवळच्या वृद्धाश्रमात, मनोरुग्णालयात फेरी मारण्याचे ठरविले, तर त्याला कोणते अनुदान लागते? भगवान बुद्धांनी खोल्या पाहत फिरण्यासाठी कोणाची परवानगी काढली नव्हती. आपल्याला कदाचित काढावी लागेल. ती मागावी. जी संस्था ती नाकारील तिच्याविषयी आपल्याला पहिली माहिती तेथेच मिळाली, असे समजावे.

तो आजारी भिक्षू म्हणाला होता, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही. तथागतांनी त्याच्याशी वाद घातला नाही. तू उपयोगी आहेस, असे खोटे समाधानही त्याला दिले नाही. त्यांनी पाणी मागविले. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हे सांगण्याची याहून सरळ रीत नाही. आणि नंतर, आपल्या माघारी ते पाणी कोणी आणायचे, हे ठरवून देऊनच ते पुढे गेले. आपण तेवढे ठरविले आहे काय?